कात्रणाची मागची बाजू

वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रपट्ट्यांचे पुनर्मुद्रित संग्रह मी कॉलेजपासून जमवते. जळगावात मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर आकडे, संध्याकाळी हे. लोकांनी कधीकाळी चहाबरोबर वाचून रद्दीत टाकलेली तीन चौकटींची गंमत वर्षभराची एकत्र वाचली की वेगळीच दिसते. चित्रकाराचा हात कधी सैल पडला, कोणत्या आठवड्यात तो आजारी असावा, तेही कळतं.

'तासिका' या पट्टीचे चारही खंड माझ्याकडे आहेत. एक मास्तर, एक वर्ग. खानदेशातल्या एका बंद पडलेल्या दैनिकात ती यायची. तिसऱ्या खंडात एकच जागा कोरी आहे: १४ जून १९९४, अंक उपलब्ध नाही. तो अंक मला धुळ्याच्या एका जुन्या वाचनालयात सापडला. फाइल काढून देताना ग्रंथपाल लीलाधरभाऊ म्हणाले, तुमच्या वयाची मुलं इथे फक्त पंख्याखाली बसायला येतात. मी हसले. ते चहाला गेल्यावर मी ब्लेडने पट्टी कापून घेतली. मोबाइलवर फोटो काढून भागलं असतं. मला कागद हवा होता. मागे काय छापलंय, हे पाहिलंही नाही. बसने जळगावला घरी येऊन कोऱ्या जागेवर खळीने चिकटवली. बरोबर बसली.

आठवड्याभराने त्या पट्टीत शेवटच्या बाकावर एक मुलगा दिसला. बाकीची मुलं रेघांची; हा छापील फोटोसारखा ठिपक्यांचा. मागची शाई उमटली असेल, असं धरून चालले. मग पान उलटलं. १५ जूनच्या पट्टीतही तो होता. १६ जूनच्याही. ही पानं दोन वर्षांपूर्वी छापलेली, जाड, नवी. भिंगातून पाहिलं. प्रत्येक पट्टीत त्याचा हात वर होता, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे.

गुरुवारी सुटी काढून धुळ्याला गेले. मला ती फाइल पुन्हा पाहायची होती. ती आधीच टेबलावर होती. एक म्हातारी पानाला पडलेल्या भोकावर तळहात ठेवून बसली होती. लीलाधरभाऊंनी हळू आवाजात सांगितलं की ही दगडीबाई, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. तिचा नऊ वर्षांचा पुन्या हरवला तेव्हा पेपरात जाहिरात दिली होती. घरातला एकुलता एक फोटो पेपरवाल्यांना दिला, तो परत आलाच नाही. दरवर्षी ती एसटीने येते आणि इथेच त्याला पाहून जाते.

"मना पुन्या आठेच व्हता," भोकावरचा तळहात न उचलता दगडीबाई म्हणाली. कोणाला उद्देशून, कळलं नाही.

"ताई, तुम्ही पाहिलं तेव्हा पान असंच होतं का?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

"असंच होतं," मी म्हणाले.

उद्या परत येते, तोवर शोधून ठेवा, असं सांगून ती भाचीकडे मुक्कामाला गेली.

घरी पोचताच ओल्या कापसाने खळ भिजवून पट्टी सोडवली. मागे जाहिरात होती. चार ओळी: नाव, वय, अंगातला निळा सदरा, पत्ता. वर फोटोची चौकट. तिच्यात स्टुडिओचा रंगवलेला पडदा होता, लाकडी स्टूल होतं. मुलगा नव्हता.

सकाळच्या पहिल्या बसने पुन्हा धुळं गाठलं. जळगावच्या रद्दीवाल्याकडे मिळालं, असं सांगायचं ठरवलं होतं, तेच सांगितलं. लीलाधरभाऊंनी कात्रण भोकावर धरलं. कडा तंतोतंत जुळल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते आपल्या खुर्चीकडे गेले.

दगडीबाईने रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवलं. रडली नाही.

"आते मना डोया गयात, माय," खालच्या बारीक ओळी मला दाखवत ती म्हणाली. "तू वाची दाखाड."

मी वाचू लागले. नाव. वय. निळा सदरा. पत्ता.

घरी चार ओळी होत्या. आता पाच होत्या. पाचवीही छापखान्याच्या त्याच खिळ्यांची, तितक्याच फिकट शाईची.

मुलगा शेवटचा दिसला तो जळगावच्या बसमध्ये, चष्मा लावलेल्या एका तरुणीच्या शेजारी.

१९९४ साली माझा जन्मही झाला नव्हता.

"बस, इतलंच शे?" दगडीबाईने विचारलं.

"इतकंच," मी म्हणाले, आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.