पाणी उतरलंय

आप्पा आमच्याकडे ॲडम्सटाउनला, या आयरिश उपनगरात, आले ते जूनच्या सुरुवातीला, आईच्या वर्षश्राद्धानंतर. सांगलीत माझा भाऊ संकेत आणि त्याची बायको दिवसभर दुकानात असायचे, आप्पा घरात एकटे. "तू घेऊन जा थोडे दिवस, ताई," संकेत म्हणाला. "बोलतच नाहीत गं कुणाशी."

इथेही ते फारसं बोलले नाहीत. सकाळी उठून आंघोळ, मग खिडकीशी खुर्ची. आमच्या खिडकीतून स्टेशन दिसतं. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, आप्पा बघत राहायचे. मी सँडीफोर्डला एका विमा कंपनीत जोखमीचं गणित करते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असतं, तेव्हा मधेमधे त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. "काय विचार करताय, आप्पा?" "कशाचा विचार करायचा आता," एवढंच उत्तर. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून बोलून झालेला माणूस. मला वाटायचं, शब्द संपले असतील.

त्यांना एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे रविवारची मालिका. इथल्याच एका वाहिनीवर लागायची. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मलिंगारच्या आसपासच्या गावांत पेरून ठेवलेले हेर, कुणी जनावरांचा डॉक्टर, कुणी बेकरीवाला, कुणी बस चालवणारा. लग्नं केलेली, मुलं झालेली, स्वतःच स्वतःला विसरत चाललेली माणसं. मग एक दिवस त्यांना फोन येतो. हिरव्या कोटातली एक बाई पलीकडून एकच वाक्य म्हणते, "पाणी उतरलंय. आता चालत येता येईल." माणूस फोन ठेवतो, हातातलं काम तसंच टाकतो आणि निघतो.

गोष्ट तशी नेहमीचीच. पण इथे उन्हाळ्यात साडेनवालाही बाहेर चांगला उजेड असतो. पडदे न ओढता, मांडीवर भाताची ताटली घेऊन, मी, माझा नवरा सारंग आणि आप्पा ती बघायचो. आप्पांचं इंग्रजी कामापुरतं. तरी त्यांनी कधी "काय म्हणाला तो?" असं विचारलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या भागात बाईने ते वाक्य म्हटलं आणि आप्पा काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"कुठं काय?"

सारंग हसला. "कानडी होतं वाटतं. आप्पा जतला होते ना काही वर्षं?"

होते. म्हणून मीही सोडून दिलं.

पुढच्या रविवारी शेजारची ब्रीडा आमचा डबा परत करायला आली आणि मालिका सुरू होतेय बघून बसलीच. ब्रीडा मूळची मलिंगारकडची, शाळेत आयरिश भाषा शिकवून निवृत्त झालेली. मुलगा इथे घर घेऊन राहतो, त्याच्या जवळ म्हणून आलेली. माझं पूर्ण नाव तिला जमत नाही, टीजा म्हणते.

त्या भागात बाईने बसवाल्याला फोन केला. वाक्य म्हटलं. आप्पांनी ताटली खाली ठेवली आणि ते स्वच्छ, शांत आवाजात बोलले. "तॉ मे अन्शो," अशी काहीशी सुरुवात होती. मग आणखी दोन-तीन वाक्यं. नंतर ताटली उचलून जेवू लागले.

ब्रीडा टीव्ही सोडून आप्पांकडे बघू लागली. मालिका संपली, ती उठली. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाली, "तुझ्या वडिलांचं आयरिश फार सुंदर आहे. कुठे शिकले?"

"ते कानडी आहे, ब्रीडा. आमच्या बाजूची भाषा."

तिने मान हलवली. "मी चाळीस वर्षं ती भाषा शिकवली, टीजा. आणि हे शाळेतलं आयरिश नाही. घरातलं आहे. चुलीपाशी बसून बोलतात तसं."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, मी इथे आहे. मी तयार आहे. मला फार दिवस कुणी बोलावलं नाही."

मी गणितातली बाई आहे. दुसऱ्या दिवशी आप्पांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब, साखर, स्मरणशक्तीची चाचणी. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करत जा. आप्पांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाले, ग्रँड, एकदम उत्तम, एवढं चांगलं माझंही डोकं चालत नाही. घरी येताना मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला आयरिश येतं?"

"ते काय असतं?" त्यांनी खरंच न कळून विचारलं.

आणि तरी आप्पा बदलत होते. चांगल्या अर्थाने. दाढी रोज करू लागले. इकडे प्रेस म्हणतात त्या कपाटातले डबे काढून पुसून ठेवले, मसाल्यांना चिठ्ठ्या लावल्या. एकदा मी कामावरून आले तर शिट्टी वाजवत भाजी चिरत होते. आई गेल्यापासून ती शिट्टी मी ऐकली नव्हती. सारंग म्हणाला, "भाषा कुठली का असेना, माणूस परत आलाय ना?" मला मात्र ते टोचत होतं. मी वर्षभर रोज फोन करत होते, तेव्हा ते बोलले नाहीत. टीव्हीतल्या एका बाईशी बोलत होते.

नंतरच्या रविवारी मी ब्रीडाला मुद्दाम बोलावलं. आप्पा त्या दिवशी बरंच बोलले. ब्रीडा खाली मान घालून ऐकत होती. नंतर ती मला बाल्कनीत घेऊन गेली आणि दार ओढून घेतलं.

"हे सांगावं की नाही, मला कळत नाही."

"सांग."

"म्हणाले, तुम्ही सांगितलं तसंच केलं. लग्न कर म्हणालात, केलं. मुलं होऊ देत म्हणालात, झाली. कुणाला कळू देऊ नको म्हणालात, बायको गेली तरी तिला कळलं नाही. दुसऱ्यांचे फोन जन्मभर जोडून दिले, माझा कधी आला नाही."

खाली गवतावर पोरं चेंडू खेळत होती. मी कठडा धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर आमचं सांगलीचं स्वयंपाकघर होतं. आई पोळ्या लाटतेय, आप्पा तव्यावरची पोळी उलटतायत, दोघं कशावरून तरी हसतायत.

ब्रीडा गेल्यावर मी आप्पांच्या खोलीत गेले. ते कपड्यांच्या घड्या करत होते.

"आप्पा, आईवर तुमचं प्रेम होतं ना?"

त्यांनी शर्टाची घडी अर्ध्यावर सोडली. "असं काय विचारतीस?"

"सांगा ना."

"तिच्यावाचून मला दुसरं काय होतं गं?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खरं होतं. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी ठरवलं, ही मालिका बंद. रविवारी दुपारीच आप्पांना गाडीत घालून आम्ही ब्रेला समुद्रावर गेलो. मासे-चिप्स खाल्ले, लांबवर चाललो. संध्याकाळ झाली तसे आप्पा अस्वस्थ होऊ लागले. किती वाजले, किती वाजले. मी "जाऊ हो आता," म्हणत राहिले आणि उठले नाही. साडेनऊ वाजून गेले तेव्हा ते बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. चेहरा पांढरा पडला होता. समुद्रावरचं वारं गार होतं, तरी कपाळावर घाम.

"मला बोलावतील," ते म्हणाले, "आणि मी नसंन."

रात्री घरी आल्यावर मी त्यांना तोच भाग परत लावून दिला. त्यांनी बाईचं वाक्य ऐकलं आणि मान फिरवली. "ही हाक शिळी हाय," म्हणाले. पुढे आठवडाभर ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. दाढी नाही, शिट्टी नाही. पुन्हा खिडकी आणि स्टेशन. शनिवारी उठताना त्यांचा तोल गेला, सारंगने धरलं म्हणून बरं.

शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, उद्या शेवटचा भाग आहे. बघू या आपण."

त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

शेवटच्या भागाला आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले. ब्रीडा नको म्हणत होती, मी आग्रह केला. बाहेर ऊन अजून समोरच्या इमारतीच्या काचांवर होतं. मालिकेतले सगळे एकेक करून आपापल्या घरातून निघाले होते. कुठे, ते दाखवलं नाही. अगदी शेवटी हिरव्या कोटातली बाई एका रिकाम्या खोलीत बसलेली दिसली. तिने फोन उचलला, कानाला लावला.

"पाणी उतरलंय," ती म्हणाली. "आता चालत येता येईल."

आप्पा बोलू लागले.

हळू बोलत होते, एखाद्याची समजूत घालावी तसे. मधे एकदा अडखळले. मी त्यांच्याकडे बघत होते. मग सारंगने माझ्या दंडाला धरलं आणि टीव्हीकडे बोट केलं.

बाई काहीच बोलत नव्हती. फोन कानाशी धरून ऐकत होती.

चित्र थांबलं नव्हतं. तिच्या मागचा पडदा हलत होता. तिची पापणी लवली.

आप्पा बोलतच होते. एकदा त्यांनी माझ्याकडे हात केला, न बघता.

बाईचे डोळे थोडे बाजूला वळले, त्या हाताच्या दिशेने.

आप्पा थांबले.

"बघू," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग नावं वर सरकू लागली.

आप्पांनी मोठा श्वास सोडला, मग ते पाणी प्यायले आणि झोपायला गेले. ब्रीडा उठली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"काय म्हणाले, ब्रीडा?"

"म्हणाले, मी येतो. जे सांगाल ते करतो." तिने कार्डिगनची बटणं लावली. "पण मुलीला काही माहीत नाही. तिला राहू द्या, म्हणाले. तीनदा म्हणाले."

त्या दिवसानंतर ब्रीडा आमच्याकडे आली नाही. जिन्यात भेटली की हवेबद्दल बोलते.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रसंग वाहिनीच्या साइटवर काढून पाहिला. बाई फोन उचलते, ते वाक्य म्हणते आणि लगेच, श्वासही न घेता, "बघू," म्हणून ठेवते. मधे काही नाही. सारंगनेही पाहिला. मग त्याने लॅपटॉप बंद केला आणि आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

ऑगस्टच्या शेवटी आप्पा परत गेले. विमानतळावर प्रसन्न दिसत होते. आत जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फोन मी करत जाईन. तू करू नकोस."

"का हो?"

"ऐक एवढं."

मी ऐकलं. दर बुधवारी त्यांचा फोन यायचा. तब्येत, भाज्यांचे भाव, संकेतचं दुकान, पाऊस. इतकं ते माझ्याशी पूर्वी कधीच बोलले नव्हते. मी सुखावले होते, हे कबूल करायला हवं. हळूहळू मला वाटू लागलं की जे झालं ते उन्हाळ्याचं होतं, इथल्या त्या न संपणाऱ्या उजेडाचं होतं.

नोव्हेंबरात आप्पांचा वाढदिवस होता. रविवार. मी फोन केला नाही. दुपारी संकेतचाच व्हिडिओ कॉल आला.

"ताई, बघ तरी, आप्पांच्या वाढदिवसाला किती माणसं आलीत! हल्ली दर आठवड्याला जमतात. आपल्याकडे एवढा गोतावळा होता, मला माहीतच नव्हतं!"

त्याने फोन खोलीभर फिरवला. सात-आठ वयस्कर माणसं भिंतीला टेकून खुर्च्यांवर बसली होती. काहींना मी ओळखलं. कोपऱ्यावरचे औषधांच्या दुकानाचे मालक. मला चौथीत शिकवलेल्या देशपांडे बाई. केक कापलेला नव्हता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आप्पांनी फोन पाहिला आणि ते उठले. "संकेत, ते बंद कर."

"अहो, ताई आहे!"

"बंद कर म्हणतो."

तोवर सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. फोनकडे, माझ्याकडे. कुणी हसलं नाही, पण चेहरे प्रेमळ होते. देशपांडे बाई थोड्या पुढे वाकल्या आणि अगदी हळू, वर्गात विचारायच्या तशा, मला काहीतरी म्हणाल्या. लहानसं वाक्य होतं, आप्पा टीव्हीशी बोलायचे त्या भाषेतलं.

संकेत हसला. "काय म्हणाल्या गं त्या, ताई? मला काही कळलं नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलताना माझा आवाज कसा होतो, ते त्यांना लहानपणापासून माहीत आहे.

बाकीच्यांनी एकेक करत, समाधानाने, माना डोलावल्या.