तिला पाणी घातलंस का?

दुपारचा चहा झाला की सुचेता कप विसळायची, पदर खोचायची आणि मागच्या शेडमध्ये जाऊन लाकूड घासत बसायची. पॉलिश पेपरची खरखर खिडकीतून आत गेली पाहिजे, एवढंच ती बघायची. आत पलंगावर गोपाळकृष्ण पडलेले असत. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण कान शाबूत होते. खरखर सुरू झाली की नवऱ्याचा चेहरा निवायचा. आपली बोट घासली जातेय, असं त्यांना वाटायचं.

सुचेता घासायची ती एक सुटी फळी. बोट शेडमध्ये नव्हतीच.

कर्जतमध्ये लाकडी मोटारबोट बाळगणारा माणूस एकच, आणि तो आपल्याच नशिबी यावा, असं ती हसत हसत सगळ्यांना सांगायची. गोपाळकृष्ण खोपोलीच्या एका कारखान्यात देखभालीचं काम बघत. तरुणपणी कुणाच्या तरी बंगल्यातून ही भंगारात निघालेली जुनी सागवानी बोट त्यांनी उचलून आणली. मग आयुष्यभराचे रविवार तिच्यात गेले. कुजलेली फळी काढ, नवी बसव, फटीत कापूस ठोक, वर राळ भर. इंजिन तर इतक्या वेळा खोललं असेल की त्यालाही लाज वाटावी. एखाद्या वर्षी ती टेंपोत घालून पळसदरीच्या तलावावर न्यायची, एक फेरी मारायची की पुन्हा शेडमध्ये. दहिवलीतल्या बायका सुचेताला विचारायच्या, "काय गं, सवत कशी आहे?" ती हसायची. आतून मात्र हसू येत नसे. मुलाच्या, मिहीरच्या मुंजीच्या दिवशीसुद्धा हा माणूस हाताला व्हार्निश लावून पंगतीत आला होता, ते ती विसरली नव्हती.

गोपाळकृष्ण दवाखान्यात असताना खालापूरकडचा एक रिसॉर्टवाला आला. त्याला सरबताच्या काउंटरसाठी जुनी बोट हवी होती. अर्धीच पुरे, म्हणाला. सबंध न्यायची तर मोठा टेंपो लागेल, त्यापेक्षा इथंच मधून कापतो. सुचेता एकदाही 'थांबा' म्हणाली नाही. उलट कापायच्या मशीनला वीज तिनंच स्वयंपाकघरातल्या प्लगवरून दिली. पुढचा भाग काउंटरसाठी गेला, मागचा कुणीतरी जळणाला नेला. रिकामी शेड बघून तिला काय वाटलं? खरं सांगायचं तर मोकळं वाटलं. त्या मोकळं वाटण्याचीच आता तिला सर्वांत जास्त लाज वाटत होती.

कारण घरी आल्यावर गोपाळकृष्णांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या हातापायाचा नव्हता. ओठ वाकडे करत, शब्द जुळवत ते म्हणाले, "ती... कशी आहे?"

"आहे की," सुचेता म्हणाली.

एवढंच. पण एक खोटं झाकायला दुसरं लागतं. नुसतं आहे म्हणून कसं भागेल, तिची निगा कोण राखतं? मी राखते. मग आवाज का येत नाही? म्हणून ती खरखर. एकदा वैशाखाच्या तापात त्यांनी विचारलं, "तिला पाणी घातलंस का?"

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फळ्यांच्या फटी उघडतात. म्हणून बोटीवर गोणपाटं टाकून ती ओली ठेवावी लागतात. सुचेताला हे सगळं पाठ होतं.

"घातलं."

"आवाज नाही आला."

मग ती रोज रिकाम्या कोब्यावर बादली ओतू लागली. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, कुणी बघत नाही ना म्हणून आधी कुंपणाकडे नजर टाकायची.

पाणी दाराकडून मागच्या मोरीकडे सरळ वाहत जायचं. एके दिवशी ते गेलं नाही. शेडच्या मध्याशी येऊन दुभंगलं, दोन्ही अंगांनी वळसा घालून गेलं आणि पलीकडे पुन्हा एक झालं. मधली जागा कोरडी राहिली, दोन्हीकडे निमुळती. सुचेतानं स्वतःची समजूत घातली की कोबा मध्ये फुगला असणार. तिनं तिथं मिहीरची जुनी गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. मग तिनं मुद्दाम मध्यावरच बादली रिकामी केली. पाणी कमरेच्या उंचीवरच फाकलं आणि दोन्ही बाजूंना ओघळलं. जमीन कोरडीच.

ती घरात आली आणि हात साबणानं धूत राहिली. सांगून टाकावं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं. पण गोपाळकृष्ण नीट जेवले होते, त्यांची देखभाल करणाऱ्या वनितानं बसवल्यावर आपले आपण बसून राहिले होते. आज नको, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिला तसंच वाटलं.

वनिता कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतून जीपनं यायची. गोपाळकृष्णांना पुसणं, कूस बदलणं, खुर्चीत बसवणं सगळं तीच करायची. अंगानं दणकट, बोलायला कमी. एका दुपारी मिहीरचा फोन आला म्हणून सुचेता स्वयंपाकघरातच बोलत राहिली. वनिता दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी हितं हाव?"

"मग कुठे असणार?"

"मंग तितं कोन घासतंय?"

सुचेतानं फोन कानापासून दूर केला. खरखर येत होती. तिच्या हातून यायची तशी उरकून टाकल्यासारखी नव्हे. लांब, एका दमात, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. असा हात तिनं एकाच माणसाचा ऐकला होता.

"सुताराचा आवाज असेल."

"हितं कुटं सुतार हाय?" वनिता म्हणाली. मग दबक्या आवाजात, "दादा हसत्यात, बाई. खिडकीकडं बगून हसत्यात."

चोराच्या मनात चांदणं. सुचेताला वाटलं, वनिताला सगळं ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे. फोन तसाच ठेवून ती शेडकडे गेली. तिनं दार ढकललं तसा आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. व्हार्निशचा वास होता. व्हार्निशचे डबे तिनं बोटीबरोबरच देऊन टाकले होते.

आणि एक माशी होती. कमरेइतक्या उंचीवर, शेडच्या मधोमध, ती हवेत चालत होती. उडत नव्हती. थोडी चालली, थांबली, पुढचे पाय एकमेकांवर चोळले, पुन्हा चालली. एका सरळ रेषेत, टोकाशी किंचित वर चढत गेली. मग उडाली.

सुचेतानं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. तरी रोज चहानंतर खरखर यायची, आणि संध्याकाळी गोपाळकृष्ण कौतुकानं म्हणायचे, "हात... बसला आता तुझा."

तिच्या उभ्या आयुष्यात नवऱ्यानं तिचं असं कौतुक केलं नव्हतं. ते ऐकून तिला रडू आलं.

आणि एका सकाळी त्यांनी सांगितलं, "मला तिथे ने. हात लावायचाय."

सुचेतानं ऊन सांगितलं, खुर्चीचं चाक सांगितलं, डॉक्टर सांगितले. ते नुसते बघत राहिले. मग ती म्हणाली, "चला." तिनं ठरवून टाकलं होतं. दारातच सांगायचं. विकली, कापली, मी वीज दिली. त्यांना काय बोलायचं ते बोलू दे. पुन्हा झटका आला तर? ते पाप आपलं. पण या माणसाला खोट्यावर जगवायचं नाही.

वनितानं खुर्ची ढकलली. सुचेतानं दार उघडलं. राजमाचीकडून येणारं उजळ ऊन आत पडलं, रिकाम्या कोब्यावर.

"अहो," ती म्हणाली, "ऐका. मी तुम्हाला..."

गोपाळकृष्णांनी उजवा हात पुढे केला.

तो हवेत थांबला.

बोटं पसरली, तळवा सपाट झाला, टेकला. मनगटावर भार आला, तो सुचेताला दिसला. त्यांनी हात सावकाश पुढे सरकवला आणि मानेनं वनिताला खूण केली. वनिता खुर्ची पुढे नेऊ लागली. ती रिकाम्या जागेकडे बघत नव्हती. हात पुढे गेला, गोलाई घेऊन वर चढला, परत आला. कुठेही अडला नाही.

"सुरेख," ते म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही.

सुचेताच्या छातीवरचा धोंडा उतरला. सांगायची गरजच काय आता? जे त्यांना हवं ते त्यांच्या हाताखाली आहे. कशानं आहे ते देव जाणे. ओठांवर आलेलं सगळं तिनं गिळलं.

"आवडली ना?" ती म्हणाली.

"तू पण लाव हात." ते हसत होते. "एवढी घासलीस."

"नको."

"अगं लाव."

तिनं हात पुढे केला. कमरेच्या उंचीवर, मधोमध. टेकेल म्हणून ती वाट बघत होती.

टेकलं काहीच नाही. तिथे हवा होती. तिचा हात खाली गेला, आणखी खाली गेला, सहज, आरपार.

गोपाळकृष्ण ओरडले.

त्यांचा तळवा थरथरत होता, चालत्या मशीनवर ठेवल्यासारखा. त्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"तू?"



त्यांचा उजवा हात एकदम सुटला. मांडीवर पडला, डाव्याच्या शेजारी, आणि तसाच राहिला.

"दादा!" वनिता पुढे धावली. "बाई, बगा ना! दादा! डोळं बगा त्यांचं!"

सुचेता जागची हलली नाही. ती आपला हात बघत होती. तळव्याच्या कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, सागाचा ताजा भुसा चिकटला होता, आणि तो गरम होता.