तलंगा अंड्यावर आल्या

सुताराला लाज म्हणून नव्हती. खुराडं बांधून कधीच झालं होतं, तरी हा बाबा रोज सकाळी मागच्या दाराची कडी काढून आत यायचा आणि एखादा खिळा ठोकायचा. कधी फळी हलते म्हणून, कधी जाळी सुटते म्हणून. त्या खुराड्यात आता लाकूड कमी आणि लोखंड जास्त, असं आत्याबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुटपुटायच्या.

खिळे कुणासाठी, ते त्यांना कळत होतं. नीट वेणी घालून, दाण्याचं भांडं घेऊन, भाची नेमकी त्याच वेळी अंगणात हजर. आईबापांमागे आत्याबाईंनीच वाढवलेली ती पोर. दिवसभर मान खाली घालून शिवणयंत्र चालवायची. सुतार आला की मान वर यायची.

सगळं अडलं होतं खुराड्यातल्या तलंगांपाशी, त्या तरण्या कोंबड्यांपाशी. पिल्लं असताना आणलेल्या, आता अंगानं चांगल्या भरल्या होत्या, पण अंड्याचं नाव नाही. आणि त्यांच्या खोक्यात गवत पसरताना सुतार भाचीला हळूच म्हणाला होता, पहिलं अंडं पडू दे… मग आईला घेऊन येतो, मागणी घालायला. त्या दिवशी भाचीनं कुणाच्या तरी ब्लाउजला बाही उलटी जोडली.

मग वाट बघणं सुरू झालं. भाचीनं शिंपले कुटून दाण्यात मिसळले. तुरे लाल झाले. त्यातल्या तांबडीच्या पाठीवर हात ठेवला की ती पंख पसरून खाली बसायची. अंड्यावर आल्याची ही खूण सुतारानंच दाखवली. दाखवताना त्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि दोघांनीही तो काढायला उगाच वेळ लावला.

"हिला काही घाई दिसत नाही," तो म्हणाला.

"कोंबडीला नसेल…"

"आणि तुला?"

"मला अंडं आवडतच नाही," म्हणत तिनं भांड्यात तोंड खुपसलं.

खिडकीत आत्याबाईंना हसू आलं. मग हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

एका सकाळी तांबडी कोकलली. अंडं घातलेली कोंबडी कशी गाव गोळा करते, ते आत्याबाईंना कुणी शिकवायला नको होतं. हातातली भांडी टाकून त्या बाहेर आल्या. गवतात खळगा होता, ऊब होती, अंडं नव्हतं. उगाच ओरडते ती, असं सुतार हातोडी पुसत म्हणाला.

आठवडाभर रोज हेच चाललं, तेव्हा आत्याबाई दोरीवरच्या चादरीमागे उभ्या राहिल्या. तांबडी खोक्यातून उतरली. सुतारानं आत हात घातला, अंडं काढलं, आणि हत्यारांच्या पिशवीत चिंध्यांखाली सरकवलं. मग दाराकडे वळून म्हणाला, "आजही नाही."

दारात भाची उभी होती. तिनं खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बरं… उद्या बघू," म्हणाली.

आत्याबाईंनी चादर बाजूला केली, पिशवीत हात घालून अंडं काढलं आणि तळहातावर धरलं. सुताराचा चेहरा पडला. भाचीचा नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "गवत गरम लागायचं. राहू दे ना, आत्या… तो येत तरी होता."

इतक्यावर भागवायला आत्याबाईंनी ही पोर वाढवली नव्हती.

"मला आवडते ती, आत्याबाई. खोटं नाही," सुतार चाचरत म्हणाला. "पण आई हो म्हणणार नाही."

"विचारलंस तिला?"

तो हातोडीचा दांडा चोळत राहिला. "नाही…"

"आईच्या तोंडून एकदा 'नाही' ऐकावं लागेल, म्हणून तू माझ्या पोरीला रोज 'नाही' ऐकवलंस," आत्याबाई म्हणाल्या. "प्रेम खरं असेल तुझं. ते तुझ्याकडेच ठेव. पिशवी उचल, आणि जाताना दार लावून घे."