खातं कुणाच्या नावावर

सावेडीतल्या त्या क्लासात सुकन्या पोचली तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर हेल्मेट ठेवलेलं होतं. हेल्मेटचा मालक शेजारीच बसला होता. त्यानं ते उचलून मांडीवर घेतलं, रुमालानं खुर्ची पुसली.

"बसा. तुमच्यासाठीच धरून ठेवली हुती."

"मी येणार हे तुमाला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं… पण कुणीतरी येईल असं वाटत हुतं."

सुकन्याला हसू आलं, पण तिनं ते ओठातच ठेवलं.

डॉलर-रुपयाची खरेदी-विक्री शिकवणारे वाल्मिक सर सडेतोड होते. या धंद्यात बहुतेकांचे हात पोळतात, म्हणून आधी सरावाच्या खात्यावर खोट्या पैशांनी शिका, असं त्यांनी बजावलं. आणि जोडीनं शिका, कारण एकट्या माणसाला हाव लवकर गाठते. सगळ्यांनी पटापट जोड्या लावल्या. सुकन्या म्हणाली, मी एकटीच शिकेन. पण उरला होता तो हेल्मेटवाला अजिनाथ. मग दोघांचा नाइलाज झाला, आणि त्याला तरी तो नाइलाज गोड वाटला.

दोघंही नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होते. ती एका कारखान्यात तयार माल तपासायची, तो दुसरीकडं मशीन चालवायचा. तो भारी उतावळा. भाव जरा हलला की त्याचं बोट धावायचं, आणि ती पेनानं त्याचं मनगट अडवायची. आधी कारण सांगा, म्हणायची. तो म्हणायचा, पैसे खोटे असले तरी बुडाल्यावर तुमचा चेहरा खराच पडतो, तो बघवत न्हाई.

दसऱ्यापर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं. परतीच्या पावसात चहाच्या टपरीखाली उभं राहताना त्याचा खांदा मुद्दाम भिजायचा, तिचा कोरडा राहायचा. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता. तिला ते कळत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

क्लास संपला त्या दिवशी अजिनाथ म्हणाला, "आता खरं खातं उघडू. दोघांचे पैसे एकातच टाकू. माझ्या नावावर घेतो… तुला कशाला कागदांची कटकट?"

बिचारा प्रेमानंच बोलला होता. पण सुकन्याचा चेहरा उतरला.

"न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचं गाव खर्ड्याजवळ. दरसाल आई-वडील ऊसतोडीला जायचे. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची. हिशोब मात्र वडिलांच्या हातात पडायचा.

"अप्पा वाईट न्हाईत माझे. पन एका साली ते आजारी पडले, आई एकटी गेली. तर तिला सगळे अर्धा कोयता म्हनायचे. सबंध बाई, अन् अर्धा कोयता." तिचा आवाज फाटला. "अजिनाथ, मला तू आवडतोस. लई आवडतोस. पन मला कुनाच्या नावाखाली जायचं न्हाई."

अजिनाथच्या घरच्या उसातही दर हिवाळ्यात टोळी यायची. किती कोयते आले, हे वडिलांना सांगायचं काम त्याचंच असायचं. त्यात बाया किती, हे आपण कधी मोजलं नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला आणि निघून गेला.

नंतर त्याचा फोन आला नाही. सुकन्यानं स्वतःच्या नावावर खातं उघडलं. सराव चालूच ठेवला, चुका कमी झाल्या. एकटीनं शिकणं जमत होतं, करमत मात्र नव्हतं. खोलीवर ती एकदा पोटभर रडली.

दिवाळीला ती गावी गेली. टोळी निघायला आली होती, दारात भांड्याकुंड्यांची बोचकी बांधून पडली होती. तेवढ्यात अजिनाथची मोटारसायकल दारात थांबली.

सुकन्याच्या वडिलांनी, सहादेवअप्पांनी, त्याला सतरंजीवर बसवलं. तिची आई मनकर्णा पदर सावरत उंबऱ्याआड उभी राहिली. पोरगा कशाला आलाय हे सगळ्यांनी ओळखलं. सहादेवअप्पा उत्तर द्यायला खाकरले, पण अजिनाथ दाराकडं वळला.

"मावशी, मी सुकन्याला मागनी घालायला आलोय. तुमचं काय म्हननं हाय?"

मनकर्णानं सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. सहादेवअप्पांनी मान खाली घातली.

"मला इचारतोस तर सांगते," ती हळूच म्हणाली. "तिला इचार. आन् ती म्हनंल ते पाळ."

सुकन्या अजिनाथसमोर आली. "माझं खातं माझ्या नावावर ऱ्हाईल. पगार माझ्या हातात. तू तुझं निराळं काढ… शिकू संगंच."

"व्हय."

"एवढं जमत असंल, तर मला तुझ्याबरुबर जगायचंय."

अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं लपवलं नाही.

मनकर्णा उंबरा ओलांडून बाहेर आली. चहा टाकायला ती वळली नाही. सहादेवअप्पा थोडे बाजूला सरकले, आणि ती पाहुण्यासमोर सतरंजीवर बसली.