लोखंडी जिन्यावरची पावलं

दिवा राहू दे तसाच. आणि तोंड असं पांढरं करून बसू नकोस बाई, अजून काही सांगितलंसुद्धा नाही मी.

माझं काम तुला माहीत आहेच. सिनेमातली माणसं चालतात, त्यांच्या पावलांचे आवाज मी काढते. बंद खोलीत पडद्यावर मुका सिनेमा चालू असतो, खाली मातीचा वाफा, थोडी फरशी, लाकडी फळी आणि लोखंडी पत्रा. पडद्यावरची बाई मातीतून गेली की मी मातीत. ती जिना उतरली की मी पत्र्यावर जागच्या जागी उतरते. लोक हसतात, हसू देत. पण या धंद्यात एक खोड जडते. आम्ही फक्त पाय बघतो. हिरॉइन रस्त्यात आडवी आली तर ओळखणार नाही मी, पण चप्पल दिसली की नाव सांगेन.

त्या सकाळी डबा घेऊन नेहमीसारखी गेले. आमचा रेकॉर्डिस्ट माझ्या नवऱ्याचा जुना मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतो. तो काचेपलीकडून बाहेर आला आणि उगाच वायर गुंडाळत उभा राहिला.

"वहिनी, सिनेमा सूतगिरणीच्या आगीवर आहे. नको असेल तर दुसऱ्या कुणाला बोलावतो."

"खुळा आहेस का? लाव," म्हटलं मी. डबा कोपऱ्यात ठेवला.

माझी थोरली बहीण त्याच सूतगिरणीत कामाला होती. ताई टाच आपटत चालायची, दाण दाण. "घर पाडशील एक दिवस," आई म्हणायची. मग आग लागली. पुष्कळजण सापडलेच नाहीत, त्यात ताई. आग विझल्यावर नातेवाइकांना आत सोडलं तेव्हा मी आईचा हात धरून गेले. छप्पर उडालेलं, त्यामुळे आत भरपूर ऊन होतं. ओल्या राखेचा आणि जळक्या कापसाचा वास. मधोमध लोखंडी जिना, वरचा अर्धा तेवढा लोंबकळत राहिलेला. आईनं खालच्या मोडक्या कठड्यावर तळवा ठेवला, आणि वरून पावलं उतरू लागली. दाण, दाण, दाण... जिना तुटला होता तिथवर आली आणि थांबली. वर कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी ऐकलं. पहारेकऱ्यानं आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं.

तेव्हापासून आईचं एकच. ताई अर्ध्या जिन्यात उभी आहे. आता आई अंथरुणाला खिळली, तरी रात्र रात्र टक्क जागी. "ती खाली आल्याशिवाय माझा डोळा लागायचा नाही गं," म्हणते. डॉक्टर गोळ्या बदलून थकले. मीही थकले होते. देवा, हिला एकदा शांत झोप लागू दे, एवढंच मागणं उरलं होतं माझं.

तर पडद्यावर जिना आला. मी पत्र्यावर उभी राहिले. धुरातून दोन पाय उतरत होते, अनवाणी, टाचा काळ्या. मी त्यांच्या मागे पाय टाकत गेले. सोपं जात होतं, झोपेत चालल्यासारखं. मग ते पाय एका पायरीवर अडले. मीही थांबले. खोलीत ओल्या राखेचा वास येत होता.

कानाला लावलेल्या हेडफोनमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "वहिनी... कुणाचे पाय पकडलेत तुम्ही?"

"हिचेच की. उतरतेय ना."

"या शॉटमध्ये जिना रिकामा आहे. हिरॉइन खिडकीपाशी उभी आहे."

मी मान वर केली नाही. ते पाय पुढे येत नव्हते, बोटं पायरीच्या कडेवर आखडलेली. मला रडू फुटलं. म्हटलं, "ताई, ये गं. मी टाकते पाय, तू नुसती माझ्यामागून ये." आणि मी पत्र्यावर एक पाऊल टाकलं. पडद्यावरचा पाय हलला.

"वहिनी, शॉट संपला... पडदा काळा झालाय. थांबा ना."

"उतरू दे तिला!" ओरडलेच मी. दाण, दाण, दाण. पत्रा संपला आणि मी मातीच्या वाफ्यात पाय ठेवला. माती कोमट लागली. मागोमाग पत्र्यावरून आणखी कुणाकुणाची पावलं माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली, आणि कितीतरी वेळ जातच राहिली. रेकॉर्डिस्टनं मशीन बंद केलं होतं. तो काचेपलीकडे दोन्ही कान दाबून बसला होता.

भर दुपारी घरी आले. कशी आले, ते धुक्यातलं वाटतं. आमच्या इमारतीचा जिना अरुंद, खालच्या वळणावर दिवसाही अंधार. वर आले, दार ढकललं. आई उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा इतका मऊ मी कैक वर्षांत पाहिला नव्हता. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

शेजारची माझी खाट मी सकाळी आवरून गेले होते. चादर मधोमध खोल दबलेली होती, आणि पायथ्याशी राख पडली होती. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. बरं वाटलं. मी आईजवळ जाऊन तिचा हात हातात घेतला.

"आता तू पण झोप," मी म्हटलं.

"झोपते गं. पण त्या बाकीच्यांचं काय? बिचारे केव्हाचे जिन्यात उभे आहेत. त्यांनाही आपापल्या घरी पोचव."

"जिन्यात कुणी नाही, आई."

आई नुसती हसली आणि तिनं डोळे मिटले. मी तशीच बसून राहिले, तिचा हात न सोडता. कारण तेवढ्यात मला आठवलं, वर येताना त्या अंधाऱ्या वळणावर मी दोनदा थांबले होते, आणि दोन्ही वेळा "जरा सरका" म्हटलं होतं.