दातवाली कप्पी

मदत पथकाच्या सामानखोलीत ताई सकाळपासून कप्प्या घेऊन बसली होती. छताच्या तुळईला दोर, दोराला दगडांचं पोतं आणि एकेक कप्पी लावून ओढून बघणं चाललं होतं. कप्पी किती वजन पेलते ते डब्यावर छापलेलं असतं. दमलेल्या हाताला ती किती साथ देते, ते डब्याला काय ठाऊक, असं तिचं म्हणणं.

धाकटा भाऊ पथकाचा वाटाड्या. त्याला प्लास्टिकच्या चाकाची हलकी कप्पी हवी होती. ताईने निवडली बेअरिंगवाली, आत दात असलेली. ती दोर वर येऊ द्यायची, मागे जाऊ द्यायची नाही. खाली सोडायचाच झाला, तर दात बोटाने उचलावा लागे.

"नाकापेक्षा मोती जड," भाऊ दारातून म्हणाला. "आटप आता, ऊन चढलं."

"पाठ माझी, मोती माझा. तुला काय त्रास?"

दुपारी हिमनदीवर तिघं एकाच दोराला बांधून चालले होते. पुढे भाऊ, मधे ताई, मागे पथकाचे डॉक्टर. आकाश स्वच्छ होतं. भाऊ कसलासा विनोद सांगत होता आणि वाक्य अर्धं असतानाच दिसेनासा झाला.

ताई पालथी पडली, फरफटली आणि बर्फात कुऱ्हाड रुतवून थांबली. डॉक्टरांनी मागे दुसरी कुऱ्हाड पुरून दोर त्या कुऱ्हाडीला बांधला. ताईने कप्प्या लावल्या, भाऊ जिच्यात पडला होता त्या भेगेच्या काठावर दोराखाली आपली पिशवी सरकवली आणि खाली हाक मारली. उत्तर आलं नाही. निळसर अंधारात दोर सरळ उतरत गेला होता.

दोघं ओढू लागले. सरावात तिने भावाला कितीदा तरी असं वर ओढलं होतं, त्याचं वजन तिच्या हातांना पाठ होतं. हे जड होतं. दोर अडकलाय का म्हणून तिने पाहिलं. कुठेही अडकला नव्हता.

दम खायला थांबले, तेव्हा खालून दोराला दोन हिसके बसले. सावकाश.

पथकात दोन हिसक्यांचा अर्थ ठरलेला होता. खाली सोडा.

"पाय अडकला असेल त्याचा," डॉक्टर म्हणाले. "दात उचल. थोडं सोडू."

ताईचं बोट दातावर गेलं. पुन्हा दोन हिसके आले, तितकेच सावकाश. तिच्या भावाने जन्मात कधी दार वाजवून वाट पाहिली नव्हती. आता मात्र तिला खरी भीती वाटली.

"नाही सोडायचं."

"अगं, तो सांगतोय ना..."

"तो नाही सांगत. ओढा."

ओढलं.

दोर मागे खेचला जाई, दातात अडकून थरथरे आणि तिथेच राही. हलकी कप्पी असती तर कमावलेलं सगळं परत गेलं असतं. वीतभर वर, मग आणखी वीतभर. ताई मोठमोठ्याने शिव्या देत होती. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग वजन एकदम कमी झालं.

उरलं ते तिच्या ओळखीचं होतं.

भावाचं डोकं काठावर आलं. डोळे उघडे, ओठ निळे, श्वास चालू. डॉक्टरांनी खांद्यांना धरून त्याला काठाच्या अलीकडे ओढलं. ताईचा जीव भांड्यात पडला. ती हसली, रडली, त्याच्या गालावर एक चापटही ठेवून दिली. आपण जिंकलो, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

"जड आहे का अजून मोती?"

"सोन्याने मढव त्याला," भाऊ पुटपुटला.

"आणि खाली सोडा का म्हणत होतास?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी? माझे दोन्ही हात बर्फाच्या भिंतींत अंगाशी चेपले होते. काठाजवळ आलो तेव्हा कुठे सुटले."

कुठे लागलंय का ते बघायला ताई खाली वाकली. बुटांखालचे काटे दोन्ही गेले होते. तुटले नव्हते, त्यांचे पट्टे बुटांना तसेच अडकून होते, बकलं नीट सोडवलेली. त्यांच्या वर मांड्यांचे पट्टे, तेही सुटे लोंबत होते. कमरेचा पट्टा, ज्याला दोर बांधला होता, तो बकलातून ओढत ओढत जवळजवळ बाहेर आणला होता.

त्याचं टोक बकलात बोटभरच उरलं होतं.