निवेखोलच्या खाडीतलं गवत

नीट अंतर राखून लावलेलं सगळं समुद्रगवत मेलं होतं आणि चुकून लावलं गेलेलं तेवढंच जगलं होतं.

ऊर्वीला हे ओहोटीच्या वेळी होडीतून दिसलं. ती सहावीत होती आणि सुट्टीत पद्मजाआत्याबरोबर निवेखोलच्या खाडीत जायची. आत्या समुद्रशास्त्रज्ञ होती. तिच्याबरोबर कुर्ली असायची. कुर्ली म्हणजे खेकडा, पण हे एका यंत्राचं नाव होतं. परातीएवढी, सहा पायांची ही यंत्रकुर्ली खाडीच्या तळावर चालत जाऊन रोपं लावायची आणि काही विचारलं तर उत्तरही द्यायची.

या खाडीत पूर्वी गवताचं मोठं कुरण होतं. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी आणि वाळू उपसणाऱ्या बोटींनी ते मुळासकट उपटून काढलं. गवत गेलं तशी त्यात लपून वाढणारी कोळंबी गेली, माशांची पिल्लंही गेली. मग गावानेच ठरवून इथली जाळी बंद केली आणि आत्याने गवत लावायला घेतलं. दर हंगामात ती रोपं लावायची आणि दर हंगामात रोपं मरायची. येत्या रविवारी मच्छीमार सोसायटीची सभा होती. कालच चेअरमन जयवंत मेथर घरी येऊन सांगून गेले होते की लोकांचा धीर संपलाय, जाळी पुन्हा सुरू करा म्हणणारेच आता जास्त आहेत. आत्याने त्यांना चहा दिला. वाद घालण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

ऊर्वीने पाण्यातला हिरवा ठिपका दाखवला तेव्हाही आत्या गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. तिकडे न बघताच तिने सांगितलं, की तिथे कुर्लीचे पाय दगडांत अडकले होते आणि तिने रोपांचा अख्खा ट्रे एकाच जागी रिकामा केला होता. इतक्या दाटीत काय जगणार, म्हणून पुन्हा कोणी तिकडे फिरकलंच नव्हतं.

"पण तेच जगलंय," ऊर्वी म्हणाली.

आत्याने मान वळवली आणि बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने कुर्लीला पाण्यात सोडलं.

कुर्ली खाली उतरेपर्यंत ऊर्वीने विचारून घेतलं की हे गवत म्हणजे शेवाळंच ना? आत्या म्हणाली, नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात. समुद्रगवत जमिनीवरच्या गवतासारखंच असतं. त्याला मुळं असतात, पानं असतात, पाण्याखाली बारीक फुलंसुद्धा येतात. त्याचं मूलक्षोड (मातीखालून आडवं वाढत जाणारं खोड) पसरतं आणि त्यातून नवी रोपं फुटतात. त्यालाही प्रकाशसंश्लेषण (उन्हाच्या मदतीने स्वतःचं अन्न तयार करणं) करावं लागतं. म्हणून पाण्यातून तळापर्यंत ऊन पोचलं तरच ते जगतं.

"मग आपली रोपं उपाशी मेली?"

आत्याने होकारार्थी मान हलवली. तळ उघडा पडल्यापासून लाट आली की गाळ उठायचा. पाणी गढूळ झालं की ऊन खाली जायचं नाही. उरलंसुरलं एकटं रोप लाटेने हलून हलून सुटायचं. एवढं तिला आधीपासून माहीत होतं. मग तो ठिपका का वाचला, हे मात्र तिलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात कुर्लीचा आवाज आला. "झुपक्याबाहेर प्रकाश कमी आहे. झुपक्याच्या आत प्रकाश जास्त आहे. आत पाण्याचा वेगही कमी आहे."

ऊर्वी होडीच्या कडेवर ओणवी झाली आणि तिने पाण्यात हात घातला. बाहेर पाणी हात ओढत होतं. झुपक्यावर हात नेला तर ते जवळजवळ थांबल्यासारखं लागलं. वाऱ्यात एकट्याने उभं राहिलं तर हेलपाटायला होतं, पण सगळे एकमेकांना धरून उभे राहिले तर मधल्यांना वारा लागत नाही, असं काहीतरी तिला वाटलं. तिने ते आत्याला सांगितलं.

"तसंच आहे," आत्या सावकाश म्हणाली. "भात लावताना आपण अंतर ठेवतो, कारण रोपं एकमेकांचं अन्न खातात. मीही तोच हिशेब धरला. पण इथे खरी अडचण लाटेची आहे. इथे रोपांना आधी शेजार हवा."

मग तिने पुढचं समजावलं. दाट पानं पाणी संथ करतात. पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो, मुळं त्याला धरून ठेवतात. गाळ बसला की ऊन तळापर्यंत जातं. ऊन मिळालं की गवत आणखी दाट होतं. याला प्रत्याभरण (परिणामाने उलट आपल्याच कारणाला जोर देणं) म्हणतात. गवत असेल तर हे चक्र गवत वाढवतं. गवत गेलं की तेच चक्र उलटं फिरतं आणि उरलेलंही मारतं. म्हणून कुरण मोडायला एक हंगाम पुरतो, पण उभं करायला माणसं थकून जातात.

दुसऱ्या दिवशी आत्याने मेथरांना होडीत घेतलं. त्यांनीही पाण्यात हात घालून पाहिला. झुपक्यात बोटाच्या पेराएवढी कोळंबी सरकली, तेव्हा ते आणखी खाली वाकले. तेही दमलेले होते. सोसायटीतली रोजची भांडणं त्यांच्याच अंगावर यायची.

"अजून एक हंगाम मागून बघतंय," ते म्हणाले. "त्याच्याफुडे माझो शब्द चलाचो नाय, पद्मजा."

सभेत बराच आरडाओरडा झाला. शेवटी अर्धीच खाडी राखायचं ठरलं. उरलेल्या अर्ध्या भागात दुसऱ्याच सकाळी जाळी पडली. ती ओढलेली पाहून ऊर्वीला रडू आलं. आत्याने तिला जवळ घेतलं, पण उगाच समजूत घातली नाही.

त्या हंगामात कुर्लीने रोपं झुपक्याझुपक्यांनी लावली. पावसाळ्यात नदीचा गाळ आला आणि किती तरी झुपके त्याखाली गेले. आत्याला ताप आला, तरी तापातच ती खाडीवर जात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत पाणी निवळलं तेव्हा बरेच झुपके उभे होते. फार नाहीत, पण ऊर्वीला ते होडीतून ओळखता येण्याइतके.

कुर्ली तळावरून फिरत असताना एके ठिकाणी थांबली. दोन झुपक्यांच्या मधली जागा होती ती. "इथे सात पानं आहेत," ती म्हणाली. "हे रोप मी लावलेलं नाही."

ऊर्वीने आत्याकडे पाहिलं. ते मूलक्षोडातून आपणहून फुटलं होतं. चक्र एवढ्याशा जागेत का होईना, सरळ फिरायला लागलं होतं. असंच चालू राहिलं तर ऊर्वी कॉलेजात जाईपर्यंत झुपके एकमेकांना भिडतील, असं आत्या म्हणाली. मग "बरं झालं" एवढंच पुटपुटून ती होडीतल्या दोरखंडाच्या ढिगावर आडवी झाली आणि बघता बघता झोपली.

ऊर्वीने तिला उठवलं नाही. तिने इंजिन बंदच ठेवलं, त्याचा पंखा पाण्याबाहेर उचलला, आणि बांबूने होडी ढकलत, त्या सात पानांना लांबून वळसा घालून ती किनाऱ्याकडे निघाली.